बेवडाचं गणित: मातीतल्या नत्रापासून ताटातल्या डाळीपर्यंत



आज घरी पोळ्यांची कणीक मळली की त्यातला लिंबाएवढा गोळा मागून घ्या. तो अर्धा तास भिजू द्या आणि मग वाटीभर पाण्यात धरून बोटांनी हळूहळू चोळा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते ओता, नवीन घ्या, पुन्हा चोळा. पाच-सहा पाणी झाली की हातात रबरासारखा ताणणारा, करड्या रंगाचा चिकट गोळा उरेल. पाण्याबरोबर गेलं ते पिठूळ सत्त्व. कुरडया घालताना आपण त्याला चीक म्हणतो. हातात राहिलं ते मुख्यतः गव्हाचं प्रथिन, त्यात थोडा कोंडा. पुरणपोळी लाटताना फाटत नाही, ती या प्रथिनामुळे.

हा प्रयोग इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या बेक्कारी नावाच्या विद्वान वैद्यानं केला होता. त्याची हकीकत १७४५ साली छापून आली. एकाच दाण्यात दोन अगदी निराळे पदार्थ आहेत, हे त्यानं दाखवलं. त्या वेळी ही गंमत वाटली असेल. पण या चिकट गोळ्याचा माग काढत काढत शास्त्रज्ञ पुढे थेट शेतातल्या मातीपर्यंत आले. ती हकीकत आज सांगतो, कारण तिचा संबंध तुमच्या खताच्या खर्चाशी आहे आणि तुमच्या पोरांच्या ताटाशीही आहे.

माती आणि दाणा, एकाच चंबूत

प्रथिनात नत्र असतो. पिठूळ सत्त्वात नसतो, तेलात नसतो, साखरेत नसतो. म्हणून दाण्यातला नत्र मोजला की प्रथिन किती ते कळतं. पण मोजायचा कसा? १८८३ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं सोपी रीत काढली. तो एका मद्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि सातूच्या दाण्यात प्रथिन किती हे त्याला पाहायचं होतं. त्यानं दाण्याचं पीठ जहाल गंधकाम्लात उकळलं, त्यातल्या नत्राचा अमोनिया केला आणि तो धरून मोजला. ही रीत आजही जगभर चालते. तिची खुबी अशी की त्याच चंबूत तुम्ही गव्हाचं पीठ घाला, शेणखत घाला, नाहीतर शेतातली माती घाला, प्रत्येकातला नत्र त्याच मापानं मोजता येतो. माती आणि भाकरी यांचा हिशोब एका वहीत लिहिणं तेव्हापासून सोपं झालं.

तो हिशोब आपणही करून पाहू. गव्हाचं प्रथिन नत्रावरून काढताना ५.७ नं गुणतात. समजा तुमच्या गव्हात ११.४ टक्के प्रथिन आहे. म्हणजे एका क्विंटलमध्ये ११.४ किलो प्रथिन आणि त्यात बरोबर २ किलो नत्र. दहा क्विंटल गहू बाजारात गेला की नुसत्या दाण्यातून २० किलो नत्र शेताबाहेर गेला. काडातून जातो तो वेगळा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असतो. थोडक्यात, दहा क्विंटल गव्हाच्या पोत्यांबरोबर युरियाची एक गोणी गाडीत बसून जाते. आणि टाकलेला सगळा युरिया काही पिकाच्या तोंडी लागत नाही. थोडा हवेत उडतो, थोडा पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातो.

म्हाताऱ्यांचा बेवड खरा ठरला

मग युरिया नव्हता तेव्हा जमिनी टिकल्या कशा? आपले म्हातारे सांगायचे, हरभऱ्याचा बेवड चांगला, मुगाचा बेवड चांगला. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण अनुभव पक्का होता.

कारण शोधायला शास्त्रालाही वेळ लागला. फ्रान्समध्ये बूसिंगो नावाच्या शास्त्रज्ञानं १८३० नंतरच्या दहा वर्षांत स्वतःच्या शेतावर सगळं तोलून पाहिलं. शेतात किती नत्र गेला, पिकातून किती निघाला, याचा त्यानं ताळा मांडला. गव्हाचा ताळा जुळला, पण वाटाणा-घासासारख्या पिकांत घातल्यापेक्षा जास्त नत्र निघाला. हा जादा नत्र आला कुठून? उत्तर मिळालं १८८६ साली. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी दाखवून दिलं की द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. हवेत नत्र ७८ टक्के आहे, पण गव्हाला, बाजरीला, कांद्याला तो थेट घेता येत नाही. हरभऱ्याला या भाडेकरूंच्या मदतीनं घेता येतो. म्हणूनच वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, तर हरभऱ्याला फक्त २५ किलोची.

१९१३ साली जर्मनीत हवेतल्या नत्रापासून कारखान्यात अमोनिया तयार होऊ लागला. आजचा युरिया त्याच वाटेनं आला. कारखान्याला हे काम करायला प्रचंड उष्णता आणि दाब लागतो. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ तेच काम गार मातीत, फुकटात करते.

आपल्या मातीची तपासणी

आपल्याकडे हे शास्त्र कसं आलं? १८८९ साली डॉ. व्होलकर नावाचे इंग्लंडमधले कृषी रसायनतज्ज्ञ सरकारनं हिंदुस्थानात बोलावले. त्यांनी गावोगाव फिरून १८९३ साली मोठा अहवाल दिला. इथल्या शेतकऱ्याला शेती कळत नाही हा समज त्यांनी खोडून काढला. त्याला कमी पडतं ते खत आणि पाणी, असं त्यांनी लिहिलं. शेण चुलीत जातं, कारण सरपण नाही, हेही त्यांनी नेमकं हेरलं. १८९२ साली लेदर हे पहिले सरकारी कृषी रसायनशास्त्रज्ञ इथे आले.

पुण्यात शेतीचे वर्ग १८७९ पासून होते. १९०७ साली तिथे स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभं राहिलं आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन प्राचार्य झाले. हेही रसायनशास्त्रज्ञच. त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी तपासल्या. कालव्याचं पाणी आलं की मागोमाग क्षार कसे वर येतात, हे त्या कामातून दिसलं. गोदाकाठच्या बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९२५ साली डी. एल. सहस्रबुद्धे आणि जे. ए. दाजी यांनी दख्खनच्या जमिनीतल्या नत्रावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता: पिकानं खर्च केलेला नत्र आपल्या जमिनीत परत भरून कसा येतो? हा प्रश्न म्हणजे बेवडच. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द प्रयोगशाळेत गेला होता.

डॉ. मॅन मात्र मातीपाशी थांबले नाहीत. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघर जाऊन त्यांनी जमीन, कर्ज, खाणंपिणं यांचा हिशोब लिहिला. १९१७ साली ते पुस्तक प्रसिद्ध झालं. त्या गावात १७७१ साली सरासरी खातं ४० एकरांचं होतं, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलं होतं. मातीचा कस पाहणारा माणूस शेवटी शेतकऱ्याच्या चुलीपाशी गेला, कारण जमिनीचा कस शेवटी तिथेच उतरतो. आज त्या पिंपळे सौदागरात शेतं शोधावी लागतात, इमारतीच जास्त.

सगळी प्रथिनं सारखी नसतात

आता पुन्हा त्या कणकेच्या गोळ्याकडे येऊ. अमेरिकेतल्या एका कृषी प्रयोग केंद्रावर ऑस्बोर्न नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं धान्यांची प्रथिनं वेगळी करण्यात आयुष्य घातलं. १९१४ साली त्यानं आणि मेंडेल या शास्त्रज्ञानं उंदरांच्या पिलांना प्रथिन म्हणून फक्त गव्हाचं एक प्रथिन दिलं. पिलं जगली, पण वाढेनात. त्यात लायसिन नावाचा एक घटक मिसळला आणि पिलं वाढीला लागली. गव्हात लायसिन कमी असतं. बाजरी-ज्वारीतही कमीच. ते भरपूर असतं डाळी-कडधान्यांत. डाळीत जे कमी पडतं, ते धान्यात असतं. पिठलं-भाकरी, वरण-पोळी, मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी या जोड्या आपल्या आया-आज्यांनी लावल्या, त्या किती बरोबर होत्या हे या उंदरांनी सांगितलं.

कडधान्यांच्या प्रथिनांवर आपल्याच एका मराठी बाईंनी मोठं काम केलं. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध, डाळी आणि शेंगांमधल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह कडधान्यांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यात प्रथिन पचू न देणारा पदार्थ असतो. भारतीय अन्नपदार्थांतल्या अशा पदार्थांविषयी त्यांचं काम १९५४ साली प्रसिद्ध झालं. नीट शिजवल्यावर त्याचा जोर बराच ओसरतो. म्हणून कडधान्य भिजवावं, मोड आणावेत आणि शिजवूनच खावं.

आपल्या जिल्ह्यातलं निफाडचं कृषी संशोधन केंद्र गव्हावर काम करतं. त्र्यंबक, पंचवटी, तपोवन, गोदावरी ही तिथल्या वाणांची नावं तुमच्या ओळखीची आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस ४०२८ हा बन्सी गव्हाचा वाण दिला. त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिन आहे. पण वाण कितीही चांगला असो, मातीत नत्र नसेल तर दाण्यात प्रथिन येणार कुठून?

माझी एक चूक

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी गावात गेलो की कांद्याला खत किती, द्राक्षाला फवारणी कोणती, एवढंच बोलायचो. लोकही तेच विचारायचे. एकदा एका घरी चहा घेताना आजीबाई म्हणाल्या, "सायेब, पहिले घरचा हरभरा मडक्यात असायचा, मूग असायचा. आता पैसा येतो, पण डाळ दुकानातनं पावशेर आणतो. नातवंडांना पातळ वरण. हे तुमच्या कागदात कुठं बसतं?"

माझ्या कागदात ते कुठेच बसत नव्हतं. कांद्याचा भाव पडला त्या वर्षी दुकानातली पावशेर डाळही त्या घरात परवडली नसेल. शेतातून कडधान्य गेलं की दोन खड्डे पडतात. एक जमिनीत, जो आपण युरियानं भरतो. दुसरा ताटात, तो बहुतेक घरांत कोणी भरतच नाही.

तेव्हा एवढं करा:

१. दरवर्षी थोडं तरी क्षेत्र द्विदल पिकाला ठेवा. खरिपात मूग, उडीद किंवा तूर, रब्बीत हरभरा. पाच-दहा गुंठे घरच्या डाळीसाठी धरा आणि ते विकायचे नाहीत असं ठरवा. सोयाबीन घेत असाल तर तेही द्विदलच, पण ते सगळं बाजारात जातं, ताटात येत नाही.

२. बियाण्याला रायझोबियम चोळा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. हरभऱ्याचं आणि सोयाबीनचं जिवाणू खत वेगवेगळं असतं, पाकीट वाचून घ्या. चोळलेलं बियाणं सावलीत सुकवा.

३. पेरणीनंतर महिन्यानं एक-दोन झाडं मातीसकट हलक्या हातानं काढा. मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर जिवाणू कामावर आहेत.

४. हरभरा उपटू नका, विळ्यानं कापा. मुळं जमिनीत राहू द्या. गळलेला पाला जाळू नका.

५. माती परीक्षणाच्या पत्रिकेत उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असेल तर तुमची जमीन नत्राला भुकेली आहे. सेंद्रिय कर्बाचा आकडाही पाहा. शेणखत, कंपोस्ट घाला. नुसत्या युरियानं तो वाढत नाही.

६. गव्हाला निम्मा नत्र पेरणीला आणि निम्मा २१ दिवसांनी पहिल्या पाण्याच्या वेळी द्या. एकदम टाकलेला नत्र जास्त वाया जातो.

बेक्कारीच्या हातातला गोळा, केल्डालचा चंबू, सहस्रबुद्धे-दाजींची माती आणि कमलाबाईंची डाळ, सगळ्यांत नत्र तोच. तो तुमच्या शेतातून ताटात आणि ताटातून पोरांच्या अंगी लागतो. पुढच्या हंगामाचं नियोजन करायला बसाल तेव्हा घरातल्या बाईमाणसांना जवळ बसवा आणि आधी विचारा, वर्षाला डाळ किती लागते? तेवढे गुंठे पहिले बाजूला काढा. बाकीचं कांद्याला, गव्हाला, द्राक्षाला.