खांदेदुखीवरील उपचार : व्यायाम व स्टेरॉइड अंतःक्षेपण

खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत जास्त हालचाल करू शकणारा सांधा असून त्याचे स्थैर्य मुख्यतः भोवतालचे स्नायू, कंडरा व संधिकोश यांवर अवलंबून असते. या मृदू भागांत शोथ उत्पन्न झाला म्हणजे वेदना होतात. वेदनेमुळे हालचाल टाळली जाते आणि सांधा आखडत जातो. केस विंचरणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, वरच्या फळीवरील डबा काढणे यांसारखी कामेही मग अवघड होतात. अशा खांद्यास व्यायाम द्यावा की त्यात औषध टोचावे, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे.

फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद द्यूप्ले यांनी १८७२ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याचे मूळ सांध्याभोवतालच्या ऊतकांत असल्याचे प्रतिपादिले. रुग्णास बेशुद्ध करून आखडलेला सांधा जोराने हलविणे हा त्यांचा उपाय होता. बॉस्टन येथील अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मधील आपल्या ग्रंथात ‘फ्रोझन शोल्डर’ (गोठलेला खांदा) हे नाव योजिले. पुढे वाकून हात लोंबता ठेवावा व घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलवावा, हा त्यांचा व्यायाम आजही शिकविला जातो. कॉडमन यांचा दुसरा आग्रह मात्र समकालीनांना रुचला नाही. प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर निदान वर्षभर मागोवा घेऊन फलित नोंदवावे, अशी त्यांची मागणी होती आणि तिच्यापायी त्यांना बरेच सोसावे लागले. प्रस्तुत वादाचा निर्णय पुढे याच मार्गाने होऊ लागला.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले. त्याचा परिणाम विलक्षण होता. हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे औषध सर्व शरीरात दीर्घकाळ भिनल्यास गंभीर दुष्परिणाम होतात, हे लवकरच दिसून आले. तेव्हा ते दुखऱ्या सांध्यातच टोचण्याची कल्पना पुढे आली. फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनच्या अशा अंतःक्षेपणाचे अनुभव प्रसिद्ध केले. याच सुमारास भौतिकी चिकित्साही स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थिरावत होती. मुंबईत १९५२ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले. त्यामागे खांदेदुखी नव्हे, तर पोलिओग्रस्त मुलांची निकड होती. दोन्ही पक्षांतील भिंत पक्की होती असेही नाही. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील जेम्स सिरिअक्स मर्दन व अंतःक्षेपण हे दोन्ही उपाय वापरीत. तथापि कोणता उपाय सरस, याला दीर्घकाळ वैयक्तिक अनुभवापलीकडे आधार नव्हता.

काटेकोर तुलना बऱ्याच उशिरा झाल्या. १९९८ मध्ये नेदर्लंड्समधील वेदनायुक्त आखडलेल्या खांद्याच्या १०९ रुग्णांच्या अभ्यासात सात आठवड्यांनंतर अंतःक्षेपण घेतलेल्यांपैकी ७७% रुग्णांत उपचार यशस्वी ठरला. भौतिकी चिकित्सेच्या गटात हे प्रमाण ४६% होते. एवढ्यावर वाद मिटला असता. परंतु पुढील महिन्यांत हा फरक बराच ओसरला. कॅनडातील ९३ रुग्णांच्या अभ्यासात (२००३) सहा आठवड्यांनी अंतःक्षेपण व व्यायाम यांची जोडी सर्वांत गुणकारी ठरली, पण वर्षअखेर सर्व गट जवळजवळ सारखे झाले. अमेरिकेच्या सैनिकी रुग्णालयातील २०१४ च्या अभ्यासात खांद्यातील कंडरा दबण्याचा विकार असलेले १०४ रुग्ण होते. वर्षभरात दोन्ही गटांचा त्रास सुमारे निम्म्याने घटला. अंतःक्षेपणाच्या गटातील रुग्ण मात्र खांद्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे अधिक वेळा गेले. मोजणी केव्हा केली, यावर विजयी पक्ष ठरतो, असा या अभ्यासांचा अर्थ लागतो. रात्री झोप न लागणाऱ्या रुग्णास पहिले सहा आठवडे थोडे नव्हेत, हेही खरे.

मधुमेही व्यक्तींत खांदा आखडण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक असते आणि नेमकी त्यांच्याच बाबतीत अडचण येते, कारण स्टेरॉइड टोचल्यावर काही दिवस रक्तशर्करा वाढते. ब्रिटनमधील ७०८ रुग्णांच्या २०२१ च्या चाचणीत तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अनेक बैठकांत वाढविलेला व्यायाम आणि एकाच भेटीत समजावून दिलेला घरगुती व्यायाम यांतही वर्षअखेर लक्षणीय अंतर आढळले नाही. अंतःक्षेपणाचा लाभ पहिल्या काही आठवड्यांपुरता व अल्प होता.