वित्तीय परिभाषेची घडण : जपानी 'कावासे' आणि मराठी 'हुंडणावळ'

फलटण संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन सातारा जिल्ह्याचा भाग झाले. आज तेथील सहकारी साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद 'भाग', 'ठेव', 'व्याज', 'तारण' हे शब्द सहज वापरतो. 'प्रतिभूती', 'तरलता' हे शब्द मात्र त्याच्या बोलण्यात येत नाहीत. परिभाषेतील या दुभंगाचा विचार करताना जपानचा इतिहास उद्बोधक ठरतो.

एदो काळात (१६०३–१८६८) जपानी व्यापाऱ्यांमध्ये 'कावासे' रूढ होते. प्रत्यक्ष नाणी न नेता दूरच्या गावी रक्कम पोहोचविण्याचा हा व्यवहार आपल्या हुंडीसारखाच होता. 'काबु' या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा. पुढे त्याला व्यापारी संघाच्या सदस्यत्वाचा हक्क असा अर्थ आला. मेइजी काळात पाश्चात्त्य वित्तसंस्था आल्या, तेव्हा हे शब्द टाकून दिले गेले नाहीत. कंपनीच्या भागास 'काबु' आणि परकीय चलनाच्या व्यवहारास 'कावासे' हेच शब्द लागू झाले. बँकेसाठी 'गिंको' (गिन म्हणजे चांदी, को म्हणजे पेढी) हा शब्द १८७२ च्या राष्ट्रीय बँक नियमावलीने रूढ केला. १८७३ मध्ये शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने पहिली राष्ट्रीय बँक उभी राहिली. शब्द आणि संस्था बरोबरच समाजात आल्या.

मराठीत परिभाषानिर्मितीची परंपरा याहून जुनी आहे. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही 'जमा', 'खर्च', 'वसूल', 'बाकी' हे शब्द टिकले, कारण ते कीर्द-खतावणीत रोज लिहिले जात होते. चलनविनिमयासाठी हुंडीवरूनच घडलेला 'हुंडणावळ' हा शब्द मराठी अर्थविषयक लेखनात वापरात होता. 'कावासे'शी त्याचे साम्य लक्षणीय आहे. परंतु पुढे 'विनिमय दर' या शब्दाने त्याची जागा घेतली. याउलट १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर वाढलेल्या चळवळीत 'पत', 'भाग', 'ठेव' या परिचित शब्दांना नवा संस्थात्मक आशय लाभला.

सारांश, वित्तीय शब्द टिकतो तो वहिवाटीच्या बळावर. केवळ कोशातील नोंद त्यास पुरेशी नसते. ज्याचे पैसे संस्थेत गुंतलेले आहेत, त्या सभासदास ताळेबंद वाचता आला पाहिजे. परिभाषेची खरी कसोटी तीच होय.