एका बेचिराख गांवचें प्रार्थनामंदिर

आपल्या जुन्या दप्तरांत ‘बेचिराख’ असा एक शब्द आढळतो. ज्या गांवीं दिवा लावावयास कोणी उरलें नाहीं, त्याच्यापुढें कारकून हा शब्द लिहून मोकळा होई. दिवा कोणीं विझविला, हें लिहिण्याचें कारण त्यास पडत नसे. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील वॉरम पर्सी या गांवापुरतें तरी हें उत्तर आज आपणांस मिळालें आहे, आणि त्याचें पुष्कळसें श्रेय एका पडक्या प्रार्थनामंदिरास आहे.

सेंट मार्टिनच्या नांवाचें हें मंदिर एका गवताळ खोऱ्यांत बिनछपराचें उभें आहे. १९५० सालीं मॉरिस बेरेसफर्ड यांनीं या गांवीं खोदकाम आरंभिलें; लवकरच जॉन हर्स्ट त्यांस मिळाले, आणि हा उद्योग १९९० पर्यंत दर उन्हाळ्यांत चालला. मध्यंतरीं, १९५९ सालीं, मंदिराचा बुरूज अर्धा ढासळला. पुढें मंदिराची जमीन उकलली, तेव्हां तळाशीं दहाव्या शतकांतील लांकडी मंदिराच्या खुणा निघाल्या. त्यावर लहानसें दगडी मंदिर झालें. बाराव्या शतकांत तें वाढविलें गेलें. आसपासच्या पांच वस्त्यांचें तें एकच मंदिर. माणसें वाढलीं तशी प्रथम दक्षिणेस व नंतर उत्तरेस एकेक पडवी जोडली गेली. पुढें माणसें घटलीं; पडव्या पाडल्या, आणि मधल्या कमानी दगडांनीं बुजविल्या. त्या बुजविलेल्या कमानी अद्याप भिंतींत दिसतात. तेथील रयतेच्या भरतीओहोटीचा हिशेब असा गवंड्यांच्या हातून लिहिला गेला.

दफनभूमींत सुमारें ७०० सांगाडे सांपडले. त्यांवरून असें दिसतें कीं, येथील बाळें सुमारें दीड वर्ष आईच्या दुधावर असत आणि तोंपर्यंत त्यांची वाढ आजच्या बाळांसारखीच होई. दूध तुटलें कीं ती मागें पडे. दहा वर्षांचें मूल आजच्या मुलापेक्षां सुमारें २० सेंटिमीटरनें ठेंगणें असे. राजांच्या बखरींत अशा मुलांस जागा कोठून मिळणार?

हें गांव १३४८-४९ च्या महामारीनें बुडालें, असा समज पुष्कळ दिवस होता. महामारीनें माणसें मेलीं हें खरें. परंतु त्यानंतरही सुमारें दीड शतक येथें चुली पेटत होत्या. मेंढ्यांच्या लोंकरीस भाव आला. नांगरापेक्षां कुरणांत लाभ अधिक, हें जमीनदारांस कळलें, आणि इ. स. १५०० च्या सुमारास उरलींसुरलीं कुटुंबें घालवून देण्यांत आलीं. मंदिर मात्र राहिलें, कारण शेजारच्या वस्त्यांचे लोक तेथें येत. त्यांपैकीं थिक्सेंडेलला १८७० मध्यें स्वतःचें मंदिर मिळालें, आणि १९४९ सालीं येथें शेवटची प्रार्थना झाली.

आम्हांस या संशोधनाचें खरें मोल येथेंच वाटतें. महामारीस दोष दिला म्हणजे कोणासही जाब विचारावा लागत नाहीं. परंतु या गांवीं रोगानें जें केलें त्याहून अधिक मनुष्याच्या लाभबुद्धीनें केलें. आपल्याकडेही ओसाड पांढरींविषयीं ‘पटकी आली’, ‘देवीचा कोप झाला’ अशा कथा सांगतात. त्या खोट्याच असतील असें नाहीं. परंतु त्या कथेवर विसंबण्यापूर्वीं पडक्या देवळाच्या भिंतीकडे व पायाखालच्या मातीकडे एकदां नीट पाहावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.