वजनावरून जनुकीय क्रमाची ओळख : मास स्पेक्ट्रोमेट्री

कोरोनामुळे देशात झालेला पहिला मृत्यू कर्नाटकातील कलबुर्गी येथील ७६ वर्षांच्या रुग्णाचा होता. ९ मार्च २०२० रोजी त्यांचा नमुना घेऊन बेंगळुरूला पाठविण्यात आला. १० मार्च रोजी हैदराबादहून परतताना वाटेतच त्यांचे निधन झाले आणि संसर्गाचे निदान १२ मार्च रोजी जाहीर झाले. अशा निदानाची प्रमाण पद्धत आरटी-पीसीआर ही होय. तीत विषाणूचा जनुकीय क्रम रंगद्रव्याच्या प्रकाशावरून ओळखतात. मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापन, तोच क्रम वजनावरून ओळखते.

डीएनए ही ए, टी, सी आणि जी या चार घटकांची साखळी आहे. साखळीत गुंफलेल्या सीचे वजन सुमारे २८९, टीचे ३०४, एचे ३१३ आणि जीचे ३२९ डाल्टन असते. एक डाल्टन म्हणजे जवळपास हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. टीच्या जागी ए आल्यास साखळी अवघ्या ९ डाल्टनने जड होते. एवढा सूक्ष्म फरक टिपणे हे या पद्धतीचे मर्म होय.

प्रथम विषाणूच्या आरएनएचे डीएनएत रूपांतर करून पीसीआरने त्याच्या असंख्य प्रती काढतात. अपेक्षित क्रमावर अचूक बसणारा डीएनएचा आखूड तुकडा, म्हणजे प्रायमर, त्यात मिसळून तो केवळ एका घटकाने वाढवितात. क्रम नसेल, तर प्रायमरचे वजन बदलत नाही. हे मिश्रण विशिष्ट आम्लाच्या स्फटिकांत सुकवून निर्वात यंत्रात त्यावर लेसरचा झोत सोडतात. विद्युतभारित रेणू नळीतून धावतात; हलके आधी पोहोचतात, जड मागाहून. या वेळेवरून वजन आणि वजनावरून जोडला गेलेला घटक कळतो. लेसरने मोठे जैविक रेणू न मोडता मोकळे करण्याच्या कार्यासाठी जपानचे कोइची तनाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

एकाच मिश्रणात अनेक जागा तपासता येतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ. मात्र आधी ठरविलेल्या जागांपलीकडील नवा बदल तिला दिसत नाही आणि पीसीआरची पायरीही टळत नाही. यंत्र महागडे असल्याने ते प्रामुख्याने मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांतच आढळते. म्हणून बीदर-कलबुर्गीसारख्या सीमावर्ती जिल्ह्यांत नमुना थंड राखून वेळेत पोहोचविणे, किंवा साधी पीसीआर प्रयोगशाळा जवळ असणे, हेच निदानाच्या वेगासाठी अधिक निर्णायक ठरते.