गाडी उभी, पण इंजिन पळतंय! जुन्या गाडीची वाढलेली रेस कशी तपासायची?

सिग्नलवर गाडी थांबलेली आहे. गिअर न्यूट्रलमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवर नाही. तरीही इंजिनचा आवाज असा, जणू कोणीतरी रेस देतंय. जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये ही तक्रार नेहमीची. त्यावरचा झटपट उपायही ठरलेला: स्क्रू फिरवायचा आणि रेस कमी करायची. आवाज थांबतो, पण बिघाड तसाच राहतो. मग सकाळी थंड इंजिन वारंवार बंद पडायला लागतं. म्हणून आधी कारण शोधायचं, स्क्रूला हात शेवटी.

किती रेस नॉर्मल?

गरम झालेलं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर चालतं. थंड इंजिन सुरू केल्यावर हा आकडा १,२०० ते १,५०० पर्यंत जाणं आणि एसी लावल्यावर थोडा वाढणं, हा बिघाड नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून, एसी बंद करून पाहावं. तेव्हाही काटा हजाराच्या बराच वर राहत असेल, तर तपासणी हवी.

मूळ मुद्दा हवेचा

पेट्रोल इंजिनचा वेग हवेवर ठरतो. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलची झडप उघडते आणि हवा आत जाते. पाय काढल्यावर ती जवळजवळ बंद होते. तरीही रेस जास्त असेल, तर शक्यता तीनच: झडप पूर्ण बंद होत नाही, हवा दुसऱ्या वाटेने शिरते, किंवा इंजिन थंडच आहे असं समजून गाडीची यंत्रणा मुद्दाम रेस वाढवते.

क्रमाने काय तपासावं?

१. पेडल आणि केबल. इंजिन बंद ठेवून पायाखालची मॅट पेडलला अडते का ते पाहावं. मग बॉनेट उघडून थ्रॉटलचा लिव्हर हाताने फिरवून सोडावा. तो झटकन मागे यायला हवा. केबलला थोडी ढील हवी. ती ताणलेली किंवा गंजलेली असेल, स्प्रिंग सैल असेल किंवा झडपेवर काजळी साचली असेल, तर झडप अर्धवट उघडी राहते.

२. रबरी पाइप. उष्णतेने जुने व्हॅक्यूम पाइप कडक होतात, तडकतात. इंजिन चालू असताना ‘स्स्स’ असा आवाज येतो का ऐकावं. संशयित सांध्यावर साबणाचं पाणी थोडं मारावं. ते आत ओढलं गेलं किंवा इंजिनचा आवाज बदलला, तर गळती तिथेच. ब्रेक बूस्टरचा पाइपही विसरू नये. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग पेडल दाबून धरत इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली गेलं नाही, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप संशयित. अशा गाडीचे ब्रेक जड लागतात, त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलू नये.

३. कार्ब्युरेटरची गाडी. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० कार्ब्युरेटरवर चालायची. अशा गाडीत चोकची दांडी पूर्ण आत जाते का, कार्ब्युरेटरपाशी चोक खरोखर सुटतो का, ते पाहावं. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट फाटलं तरी हवा शिरते.

४. एमपीएफआय गाडी. २००० च्या सुमारास नव्या प्रदूषण नियमांमुळे ही यंत्रणा सर्रास आली. यात उभ्या गाडीची हवा सांभाळायला बहुतेकदा आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तो काजळीने उघडा अडकला की रेस चढते. अनेकदा तो साफ करूनच काम भागतं. दुसरा संशयित कूलंट टेंपरेचर सेन्सर. तो बिघडला की कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं. कूलंट कमी झालं तरी असं घडू शकतं. म्हणून सेन्सर बदलण्याआधी कूलंटची पातळी पाहावी, मात्र इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडल्यास उकळतं पाणी अंगावर उडतं.

या चुका नकोत

गळती शोधायला पेट्रोल शिंपडू नये. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला तरी आग लागू शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि ओढणी, सैल बाह्या पंख्यापासून दूर असाव्यात.

चालत्या गाडीत रेस अडकली तर?

क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, ब्रेक एकसारखा दाबून धरावा आणि बाजूला थांबावं. इंजिन आवाज करेल, करू द्यावं. किल्ली गाडी थांबल्यावरच फिरवावी. धावत्या गाडीत इंजिन बंद केलं, तर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. किल्ली पूर्ण बाहेर काढली, तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

गॅरेजमध्ये काय सांगावं?

रेस थंड इंजिनवर वाढते की गरम, एकसारखी राहते की वर-खाली होते, ब्रेक दाबल्यावर बदलते का, एवढं टिपून न्यावं. ‘रेस कमी करून द्या’ म्हटलं, तर स्क्रूच फिरेल. त्याऐवजी ‘जास्तीची हवा कुठून येतेय ते बघा’ असं सांगावं. काही वेळा एवढ्यानेच महागड्या सेन्सरऐवजी हातभर रबरी पाइप बदलून काम होतं.