पलाशिकेचे दानपत्र

फ्रान्समधील आर्ल नगरीचे रोमनांनी बांधलेले भव्य प्रेक्षागृह आणि भोवतालच्या कामार्ग प्रदेशातील भातशेती यांची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. ते योग्यच आहे. परंतु लोंढ्यावरून गोव्याकडे जाणाऱ्या आपणांपैकी कितीजणांना ठाऊक असते, की तशीच एक प्राचीन राजनगरी खानापूर तालुक्यात, भाताच्याच शेतांमध्ये उभी आहे?

ती नगरी म्हणजे हलशी, कदंबांची पलाशिका. लोंढ्याहून खानापूर आणि तेथून नंदगडमार्गे आपण हलशीस पोहोचतो. आज ते एक लहानसे खेडे आहे. भूवराह-नरसिंहाच्या मंदिरात दोन गाभारे समोरासमोर असून, गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी याच्या येथील लेखात कलियुगाचे ४२७० वे वर्ष, म्हणजे इ. स. ११६९, नोंदलेले आहे.

त्याहून सहाशे वर्षे जुने ताम्रपटही येथे सापडले. फ्लीटने ते १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधून तेहतीस निवर्तने जमीन यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तिन्ही जैन संघांना दिली. त्याचा पुत्र रविवर्मा याने एका गावाच्या उत्पन्नातून कार्तिकात आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांचा निर्वाह चालावा, अशी व्यवस्था केली. हे राजे स्वतः वैदिक परंपरेचे. तरीही अन्नाच्या प्रश्नात त्यांनी पंथ पाहिला नाही.

वकिलीत दानपत्रे पाहण्यातच माझा निम्मा जन्म गेला. दाता, ग्रहीता, हेतू हे सारे या ताम्रपटांत आहे. मात्र आमच्या देवस्थानांचे दावे मानाच्या नारळावरून पिढ्यान्‌पिढ्या चालतात. दात्याचा मूळ हेतू कोणता, हे कोणी विचारीत नाही.

दर्शन आटोपल्यावर गावातील एका घरी पान मांडले गेले. उकड्या तांदळाचा भात, कुळथाचे सार, फणसाची भाजी आणि आमसुलांची कढी. आमचे गाव वा कुळ विचारण्यापूर्वी यजमानीणबाईंनी वाढावयास घेतले होते. "देवाच्या दारचा मनीस उपाशी जायना," एवढेच त्या म्हणाल्या.

कदंबांचे राज्य गेले, राजधानीचे खेडे झाले. रविवर्म्याच्या दानाचे गाव आज कोणाच्या खाती असेल ते असो. पण त्याच्या दानपत्राची अंमलबजावणी मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिली. जीर्णोद्धाराचे संकल्प सोडताना आपल्या मंडळींनी शिखराच्या खर्चाशेजारी पानांच्या खर्चाचीही एक ओळ लिहावी. मूळ दस्तात ती होती.