साहेबांना 'रिमेम्बर' करणे : काही इंग्रजी क्रियापदांचा इतिहास

आजोबांच्या जुन्या कागदांत एका अर्जाचा कच्चा मसुदा सापडला. निवृत्तिवेतन कुठेतरी अडकले होते आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या ह्या गृहस्थांनी साहेबांना अत्यंत विनयपूर्वक 'रिमेम्बर' केले होते; म्हणजे आपल्या आधीच्या अर्जाची त्यांना आठवण करून दिली होती. कुणा जाणत्याने तांबड्या पेन्सिलीने तो शब्द खोडून वर 'रिमाइंड' लिहिले आहे, आणि शेजारी एक ठसठशीत उद्गारचिन्ह. दुरुस्ती योग्यच होती. उद्गारचिन्हाने मात्र मला हा लेख लिहायला लावले.

मराठी मनुष्य ही चूक का करतो हे उघड आहे. आपल्याकडे 'आठवण' ह्या एका नामावर सारा संसार चालतो. ती येते, होते, राहते. ती काढतात, ठेवतात, करून देतात. कचेरीत तर 'स्मरणपत्र' पाठवतात, म्हणजे दुसऱ्याला जागे करण्याच्या कामालाही शब्द स्मरणाचाच. इंग्रजीत ह्या प्रत्येक कामाला निराळे क्रियापद नेमलेले. शिवाय कर्त्याचा घोळ आहेच. 'मला आठवते' ह्या वाक्यात 'मी' चतुर्थीत बसलेला आहे. आठवण आपल्या पायांनी येते आणि मी तिचे येणे अनुभवतो. इंग्रजीतला 'आय' प्रथमेत ताठ बसून स्मरणाची क्रिया स्वतः करतो.

पण तो नेहमीच असा ताठ बसलेला नव्हता. चौसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये (चौदाव्या शतकाची अखेर) बाथ गावची ती पाच लग्ने केलेली बाई आपल्या तारुण्याविषयी बोलू लागते, तेव्हा तिच्या वाक्यात 'रिमेम्बर' हे क्रियापद निर्व्यक्तिक आहे. ती तारुण्य आठवत नाही. तारुण्याचे तिला आठवते. आपल्या 'मला आठवते'ची हुबेहूब ठेवण! जुन्या इंग्रजीत अशी पुष्कळ क्रियापदे होती. आवडणे, वाटणे, स्वप्न पडणे ही सारी माणसाला 'होत' असत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत विभक्तिप्रत्यय झिजल्यावर वाक्याच्या आरंभीची जागा कर्त्याची ठरली आणि ही ठेवण हळूहळू मावळली. मराठीने ती सांभाळली.

'रिमेम्बर'चा 'मेम्बर'शी, म्हणजे अवयवाशी, काही संबंध नाही, जरी आजकाल 'विस्कटलेले अवयव पुन्हा जोडणे' अशी काव्यमय व्युत्पत्ती अधूनमधून वाचावी लागते. लॅटिनमधील 'मेमोर' (स्मरण असलेला) ह्या शब्दापासून साधलेले क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. वाटेत मधला स्वर गळून 'म' आणि 'र' शेजारी आले, आणि उच्चाराच्या सोयीसाठी त्यांच्यामध्ये 'ब' शिरला. मराठी वाचकास ह्याचे नवल वाटू नये; आम्राचा आंबा आणि ताम्राचे तांबे होताना आपल्या तोंडात हेच घडले आहे. 'मेमोर' आणि संस्कृत 'स्मृ' हे एकाच मुळाचे मानले जातात, तेव्हा 'रिमेम्बर' आणि 'स्मरण' हे दूरचे चुलतभाऊच.

आता आजोबांच्या बाजूचा मुख्य साक्षीदार. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये (सुमारे १६११) एरिअल प्रॉस्परोकडे आपल्या सुटकेचा विषय काढतो, तेव्हा आपण दिलेल्या वचनाची आठवण करून देऊ द्यावी, अशी विनंती तो करतो. त्यासाठी तो वापरतो ते क्रियापद 'रिमेम्बर' आहे. दुसऱ्याचा गुलाम असलेला एक जीव धन्याला त्याच्या शब्दाची जाणीव देतो आहे. आजोबांच्या अर्जाचा प्रसंग फार वेगळा नव्हता.

ह्याहून जुना पुरावा एका पदनामात गोठून राहिला आहे. इंग्लंडमध्ये 'किंग्ज रिमेम्ब्रन्सर' नावाचे न्यायालयीन पद आहे. दुसऱ्या हेन्रीच्या काळापासून, ११५४ पासून, ते चालत आल्याचे मानतात. राजाचे येणे किती, कुणाकडे काय थकले आहे, हे खजिनदाराच्या आणि राजकोषाच्या न्यायाधीशांच्या कानी घालत राहणे हे त्याचे मूळ काम. म्हणजे हा 'रिमेम्ब्रन्सर' आठवणारा नव्हे, आठवण करून देणारा! लंडन शहराने १५७१ मध्ये स्वतःचा असाच अधिकारी नेमला. इंग्रजांबरोबर हा शब्द आपल्याकडेही आला. महाराष्ट्राच्या विधि व न्याय विभागात 'रिमेम्ब्रन्सर ऑफ लीगल अफेअर्स' हे पद आहे, आणि त्याचे मराठी नाव 'विधि परामर्शी'. परामर्शी म्हणजे सल्लागार. कामाच्या दृष्टीने नाव चोख, पण भाषांतरात स्मरण गळाले ते गळालेच.

'रिमाइंड' त्या मानाने काल जन्मलेले. 'माइंड' हे जुने क्रियापद, त्याचा एक अर्थच 'आठवणे' (स्कॉटलंडमध्ये तो आजही ऐकू येतो). त्याला 'रि' जोडून सतराव्या शतकात नवे क्रियापद घडले. 'माइंड' आणि संस्कृत 'मति' हेही एका मुळाचे. नवे क्रियापद जम बसवू लागले तसे 'रिमेम्बर'ने आठवण करून देण्याचे काम सोडले. एक खूण राहिली. 'माझा नमस्कार सांगा' ह्या अर्थी 'रिमेम्बर मी टू युअर फादर' असे म्हणतात, आणि तिथे 'रिमाइंड' चालत नाही.

तेव्हा आजच्या इंग्रजीचा व्यवहार असा : 'रिमाइंड'ला दोन पक्ष लागतात, एक आठवण देणारा (तो माणूस असो, पत्र असो, वा एखादा वास असो) आणि एक ती घेणारा. 'रिमेम्बर' एकट्याने होते. ह्यात पुन्हा एक मेख आहे. 'रिमेम्बर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायचे लक्षात ठेवणे. 'रिमेम्बर लॉकिंग' म्हणजे कुलूप लावल्याचे आठवणे. पहिले पुढच्या कामाचे, दुसरे झालेल्याचे. मराठीत इथे दोन स्वतंत्र प्रयोग असल्याने आपला गोंधळ व्हायचे खरे तर कारण नाही, पण तो होतो. आणि 'तुझी आठवण येते' हे तर 'रिमेम्बर'मध्ये मावतच नाही. तिथे 'मिस' लागते, ज्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. परगावच्या मुलाला 'आय ॲम रिमेम्बरिंग यू' असे लिहिणाऱ्या आईची चूक व्याकरणाची खरी, पण तिला जे म्हणायचे आहे त्याला इंग्रजीत आठवणीचा शब्दच नाही.

उरलेल्यांत 'रिकलेक्ट' मला सर्वांत मानी वाटते. पुन्हा गोळा करणे हा त्याचा मूळ अर्थ, त्यामुळे त्यात श्रम गृहीत आहेत. जॉन लॉकने १६९० च्या आपल्या मानवी आकलनावरील निबंधात हा भेद स्पष्ट केला : वस्तू समोर नसता कल्पना आपोआप परत आली तर ते 'रिमेम्ब्रन्स', मनाने धुंडाळून, कष्टाने शोधून काढली तर 'रिकलेक्शन'. वर्ड्स्वर्थने 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० च्या प्रस्तावनेत काव्याच्या उगमासंबंधी लिहिताना हेच क्रियापद निवडले, ते सहज नव्हे. ओसरून गेलेली भावना तिथे प्रयत्नाने पुन्हा जमवायची आहे. 'रिकॉल' म्हणजे परत बोलावणे. वकिलाती भाषेत राजदूताला बोलावतात तसे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते शोभते. 'मेमराइज' म्हणजे पाठ करणे, पण हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. 'मॅकबेथ'मध्ये त्याचा अर्थ स्मरणीय करणे असा आहे. त्याआधी इंग्रज पाठांतर हृदयाने करी, 'बाय हार्ट'. आपण तोंडाने नि कंठाने करतो. कुणाचे अधिक टिकते हा प्रश्न मी सोडून देतो.

आजोबांच्या त्या अर्जाची पक्की प्रत मिळाली नाही. मात्र त्यानंतरचे, त्याच साहेबांना लिहिलेले आणखी दोन मसुदे पुडक्यात आहेत. त्यांत 'रिमेम्बर' नाही आणि 'रिमाइंड'ही नाही. आधीच्या अर्जाची तारीख आणि जावक क्रमांक तेवढा दिला आहे, आणि खाली सही.